एका शिपायाच्या आयुष्याचा माग

परभणी जिल्ह्यांतील एखाद्या जुन्या माळवदाच्या घरांत भिंतीवर एक छायाचित्र टांगलेलें दिसतें. गणवेशांतील एक तरुण ताठ उभा असतो. चौकटीवर सुकलेला हार असतो. घरांतील वडील मंडळींना विचारावें, तर उत्तर मिळतें, "हे आजोबांचे धाकटे भाऊ. फौजेंत गेले, ते परत आले नाहींत." कोणत्या पलटणींत गेले, कोणत्या सालीं पडले, कोणत्या मुलखांत पडले, असे पुढचे प्रश्न विचारले कीं मंडळी एकमेकांकडे पाहूं लागतात. ट्रंकेंत एखादा इंग्रजी कागद असतो. त्याचा अर्धा भाग वाळवीनें खाल्लेला असतो. दुसऱ्या महायुद्धांत हिंदी सैन्यांत पंचवीस लाख माणसें होतीं आणि त्यांपैकीं सत्याऐंशी हजारांहून अधिक कामीं आलीं. तेव्हां अशीं छायाचित्रें थोडीं नव्हेत.

अशा तरुणाच्या आयुष्याचा माग काढतां येतो काय? आणि काढला, तर हातीं काय लागतें? हें पाहण्यासाठीं ज्याच्याविषयीं सरकारनें सर्वांत अधिक लिहून ठेवलें, अशा एका मराठी शिपायाचें उदाहरण घेणें बरें. ज्याला साम्राज्यांतील शौर्याचें सर्वश्रेष्ठ पदक मिळालें, त्याचे कागद तरी पुरते असतील, अशी अपेक्षा करण्यास हरकत नाहीं. तो शिपाई म्हणजे पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणींतील नाईक यशवंत घाडगे. त्याचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजीं त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतील माणगांव तालुक्यांत, पळसगांव येथें झाला. हाच जिल्हा आज रायगड या नांवानें ओळखला जातो. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांतील डोंगरांत तो मारला गेला. त्या वेळीं त्याला तेविसावें वर्ष चालू होतें.

त्या दिवशीं काय घडलें, तें लंडन गॅझेटच्या २ नोव्हेंबर १९४४ च्या पुरवणींत छापलें आहे. मराठ्यांची एक कंपनी शत्रूच्या भक्कम ठाण्यावर चालून जात होती. यशवंत हा नाईक असल्यामुळें त्याच्या हाताखालीं एक सेक्शन, म्हणजे आठदहा शिपायांची तुकडी होती. अगदीं जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि नाईकाखेरीज सेक्शनमधील प्रत्येक माणूस मेला किंवा जखमी होऊन पडला. आतां बरोबर कोणी येण्यासारखें उरलें नव्हतें. यशवंत एकटाच मशीनगनवर धांवून गेला. प्रथम त्यानें हातबाँब फेंकला. त्यासरशी मशीनगन आणि ती चालविणारा, दोन्ही निकामीं झालीं. मग आपल्या टॉमी गननें त्यानें तोफखड्ड्यांतील आणखी एकाला टिपलें. इतक्यांत गोळ्या संपल्या. नवी पेटी भरावयास दोनचार क्षण लागतात; तेवढेही त्याच्यापाशीं नव्हते. टॉमी गन सुमारें दहा पौंड वजनाची असते. ती त्यानें नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याच्या घावांनीं ठार केलें. ठाणें हातीं आलें. त्यानंतर दूर दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातींत आणि पाठींत शिरल्या आणि जें ठाणें त्यानें एकट्यानें जिंकलें, त्याच ठाण्यांत त्यानें प्राण सोडला.

वर्णन येथें संपतें. इंग्रजींत तें जेमतेम दीड-दोनशें शब्दांचें आहे. तें वाचून अंगावर कांटा येतो, हें खरें; पण माग काढणाऱ्यानें तें पुन्हा एकदां सावकाश वाचावें. व्हिक्टोरिया क्रॉस देण्यापूर्वीं प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची साक्ष लागते. म्हणून हातबाँब, टॉमी गन, दस्ता, छातीची गोळी, पाठीची गोळी, असा घटनांचा क्रम त्यांत नेमका आहे. कोणी तरी तें पाहिलें, कोणी तरी विचारलें, आणि कोणा अधिकाऱ्यानें तें इंग्रजींत उतरविलें. परंतु त्यांत एक गोष्ट अशी आहे कीं जी कोणाही साक्षीदाराच्या डोळ्यांना दिसूं शकत नाहीं. आपल्याबरोबर कोणी येणार नाहीं आणि आपण बहुधा वांचणार नाहीं, हें यशवंताला पक्कें ठाऊक होतें, असें तें पत्रक म्हणतें. एका मराठी तरुणाच्या मनाविषयीं सरकारी दप्तरांत लिहिलें गेलेलें हें वाक्य एका परक्या भाषेंत, तो गेल्यानंतर, दुसऱ्याच माणसानें लिहिलें आहे. तें खोटें आहे असें म्हणण्याचें कारण नाहीं. पण पळसगांवच्या मुलाच्या मनांत त्या क्षणीं शेत आलें, घर आलें, कीं शेजारीं पडलेल्या सोबत्याचा चेहरा आला, हें लिहिण्याची जागा त्या पत्रकांत नव्हती. शौर्यपत्रकाचें तें काम नव्हे.

तेव्हां माग काढावयाचा तर त्या ठाण्यापासून मागें निघावें लागतें, आणि मागें जाणारा पहिला रस्ता पलटणीचा आहे. शिपायाचें स्वतःचें चरित्र कोणी लिहीत नाहीं; पलटणीचें मात्र रोजच्या रोज लिहिलें जातें. लढाईवर असलेल्या प्रत्येक पलटणीला युद्धदैनंदिनी ठेवावी लागे. आज कोठें मुक्काम, किती वाजतां कूच, किती मेले, किती जखमी, हें त्यांत असतें. इटलींतील लढाईच्या अशा दैनंदिन्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत जपल्या आहेत. त्यांत एक ठरलेली रीत आहे: अधिकारी पडला तर त्याचें नांव लिहिलें जातें, शिपाई पडले तर बहुधा त्यांचा आकडा. कोंकण, सातारा, पुणें या भागांतील गांवोगांवच्या चावड्यांवर पहिल्या महायुद्धानंतर बसविलेल्या संगमरवरी पाट्या ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांना ही रीत नवी वाटणार नाहीं. या गांवांतून इतके लोक महायुद्धांत गेले, त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढेंच तेथें कोरलेलें असतें. गांवाचें नांव आहे, आकडे आहेत, माणसाचें नांव नाहीं. ज्या घरचा तो आकडा, त्या घराला पाटीची गरज नव्हती. आणि ज्यांना गरज आहे, त्या पणतवंडांना पाटी कांहींच सांगत नाहीं.

यशवंताची तिसरी पलटण मूळची १७९७ सालची. १९२२ सालच्या फेररचनेपूर्वीं तिला ११० वी मराठा लाइट इन्फंट्री म्हणत. त्या फेररचनेंत जुन्या मराठा पलटणी एकत्र येऊन पांचवी मराठा रेजिमेंट झाली आणि बेळगांव हें तिचें घर ठरलें. कोंकणांतील आणि घांटावरील शेतकऱ्यांचीं मुलें बेळगांवच्या मैदानावर कवायत शिकत आणि तेथून जगभर पांगत. माणगांव-महाडकडील खेड्यांत भातशेती एका पावसाची. पोटासाठीं घरांतला एक मुंबईच्या गिरणींत आणि एक पलटणींत, अशी वांटणी त्या मुलखांत पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. भरतीचें कारण शोधतांना इतिहासकार राजनिष्ठा, लढवय्या जात वगैरे मोठे शब्द वापरतात. त्या शब्दांच्या शेजारीं मनिऑर्डरीचा कागद ठेवून पाहिला तर हिशेब बराच स्पष्ट होतो.

१९४१ च्या मार्चमध्यें ही पलटण आफ्रिकेंत, एरिट्रियांतील केरेन येथें इटालियन सैन्याशीं लढली. केरेनची लढाई म्हणजे उघड्या, तापलेल्या कड्यांवर चढून जाण्याची लढाई, आणि तींत मराठ्यांचा लौकिक झाला. त्या वेळीं पलटणीचे मुख्य अधिकारी डेनिस रीड नांवाचे स्कॉटिश गृहस्थ होते. पुढें बढती मिळून ते एका ब्रिगेडचे प्रमुख झाले, १९४२ सालीं वाळवंटांत शत्रूच्या हातीं सांपडले, कैदी म्हणून इटलींत आले, तेथून निसटले, आणि १९४४ च्या आरंभीं दहाव्या हिंदी डिव्हिजनचे सेनापति झाले. याच डिव्हिजनमध्यें मराठ्यांची तिसरी पलटण होती. ज्या जुलै महिन्यांत यशवंत पडला, त्या महिन्यांत त्याच्या पलटणीला डोंगरावर पाठविणारा सेनापति पूर्वीं याच पलटणीचा प्रमुख होता. रीड यांचें चरित्र असें सलग सांगतां येतें. कोठें होते, केव्हां निसटले, कोणतें पद मिळालें, सर्व नोंदलेलें आहे. एकाच पलटणींतील सेनापति आणि नाईक यांच्या कागदांत हा फरक आहे, आणि तो केवळ वयाचा नव्हे.

४ जून १९४४ रोजीं रोम पडलें. जर्मन सैन्य उत्तरेकडे हटूं लागलें, पण पळालें नाहीं. फ्लॉरेन्सच्या पलीकडे पर्वतांत त्याची नवी तटबंदी तयार होत होती. ती पुरी होईपर्यंत दोस्तांना शक्य तितकें अडकवून ठेवणें, एवढाच त्याचा डाव होता. त्यासाठीं टायबरच्या दोन्ही तीरांवरील प्रत्येक डोंगरधारेवर थोडी माणसें, एकदोन मशीनगन आणि दूरवरून टिपणारे नेमबाज ठेवावयाचे, पुढचें सैन्य एक दिवस अडवावयाचें, रात्रीं मागच्या धारेवर जावयाचें, आणि पुन्हा तेंच. जूनच्या अखेरीस दहावी हिंदी डिव्हिजन या खोऱ्यांत उतरली. जुलैच्या आरंभीं उंबर्टिडे घेतलें गेलें, २२ जुलैला सित्ता दि कास्तेल्लो पडलें. या दोन गांवांमधील अंतर मोटारीनें अर्ध्या तासाचें आहे. तेवढ्यासाठीं अडीच आठवडे लागले. यशवंताचा डोंगर याच अडीच आठवड्यांत येतो. मोठ्या इतिहासग्रंथांत ह्या टेंकड्यांना नांव मिळत नाहीं. त्या एका ओळींत ओलांडल्या जातात. हिंदुस्थान सरकारनें १९४६ सालीं 'द टायगर ट्रायम्फ्स' नांवाचें एक पुस्तक काढलें. इटलींतील तीन हिंदी डिव्हिजनांची हकीकत त्यांत आहे. अशा पुस्तकांतून मराठे हे डोंगरी लोक, म्हणून इटलीचे डोंगर त्यांना घरच्यासारखे, असा सूर नेहमीं लागतो. सह्याद्रीच्या पायथ्याशीं भाताच्या खाचरांत वाढलेल्या मुलाला मशीनगनच्या तोंडाशीं चढणें घरच्यासारखें कसें वाटावें, हें त्या लेखकांनाच ठाऊक!

दुसरा रस्ता पत्रांचा. परदेशांतील हिंदी शिपाई घरीं पुष्कळ लिहीत; ज्यांना लिहितां येत नसे, ते पलटणींतील लिहिणाऱ्याकडून लिहवून घेत. हीं पत्रें घरीं पोंचलीं, वाचलीं गेलीं आणि बहुतेक चुलीच्या धुरांत किंवा पावसांत गेलीं. परंतु घरीं जाण्यापूर्वीं तीं सेन्सॉरच्या हातांखालून जात, आणि तेथें एक विचित्र गोष्ट घडली. शिपायांच्या मनाची स्थिति वरिष्ठांना कळावी म्हणून सेन्सॉरचे अधिकारी ठराविक मुदतीनें अहवाल करीत व त्यांत निवडक पत्रांतील वाक्यें इंग्रजींत उतरवून घालीत. मूळ मराठी, पंजाबी, उर्दू पत्रें गेलीं. संशयानें केलेलीं हीं टिपणें मात्र दप्तरांत राहिलीं. लिहिणाऱ्याचें नांव बहुधा नसतें. 'एक मराठा हवालदार' किंवा 'एक शिपाई' एवढीच ओळख. १९४३-४४ च्या अहवालांत जर्मनांच्या भीतीपेक्षां घरच्या धान्याच्या किंमती, कापडाची टंचाई, बंगालच्या दुष्काळाच्या बातम्या, मिळालेली-न मिळालेली मनिऑर्डर, पाऊस पडला कीं नाहीं, यांचीच चिंता अधिक दिसते. यशवंताच्या वयाच्या शेंकडों मुलांचा आवाज या टिपणांत मिसळलेला आहे. पहारेकऱ्यानें सामान्य माणसाचे शब्द जपून ठेवावे, हा इतिहासाचा एक चमत्कारिक न्याय म्हणावयाचा.

यशवंत जुलैंत पडला. पदकाची घोषणा नोव्हेंबरांत झाली. व्हिक्टोरिया क्रॉस हें पदक १८५६ चें. पण हिंदी शिपायांना तें मिळूं लागलें १९११ सालच्या दिल्ली दरबारानंतर. त्यापूर्वींची पंचावन्न वर्षें हिंदी शिपाई तसल्याच लढायांत तसल्याच रीतीनें मरत होते. त्यांना तें पदक बंद होतें. यशवंताचें पदक १९४५ सालीं दिल्लीस व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्तें त्याच्या पत्नीला देण्यांत आलें. त्या काळच्या सरकारी प्रसिद्धिपत्रकांत अशा समारंभांचीं छायाचित्रें आहेत: पदकांनीं भरलेल्या छातीचे अधिकारी, आणि त्यांच्यापुढें पदर सांवरून उभ्या असलेल्या, चेहऱ्यावर कसलाच भाव न दाखविणाऱ्या तरुण बायका. कोंकणांतील खेड्यांतून दिल्लीपर्यंतचा प्रवास, अनोळखी भाषा, टाळ्या, आणि हातांत एक लहानसा ब्राँझचा क्रूस. युद्धाचा इतिहास लिहितांना हीं छायाचित्रें सजावटीसाठीं छापलीं जातात. माग काढणाऱ्याला मात्र येथें थांबावेंसें वाटतें. कारण यशवंताचीं पहिलीं बावीस वर्षें ज्यांना ठाऊक होतीं, अशांपैकीं एक माणूस या चित्रांत प्रथमच सरकारच्या समोर आलें, आणि तेथें तिला कोणी कांहीं विचारण्याची पद्धत नव्हती.

यशवंताची समाधि नाहीं. रोमच्या दक्षिणेस कासिनो येथें दोस्तांची जी दफनभूमि आहे, तेथें एका स्मारकावर चार हजारांहून अधिक नांवें कोरलीं आहेत. इटलींत लढून पडलेले, पण ज्यांची कबर ठाऊक नाहीं अशांचीं तीं नांवें. त्यांत यशवंताचें आहे. ज्या डोंगरावर तो पडला, तेथून हें ठिकाण बरेंच दूर, दक्षिणेला आहे. हीं स्मारकें उभारणारा आयोग १९१७ पासून काम करतो; पद, जात, धर्म न पाहतां प्रत्येकाला सारखी शिळा, निदान सारख्याच अक्षरांतलें नांव, हें त्याचें तत्त्व. पहिल्या महायुद्धानंतर आफ्रिका आणि मध्यपूर्वेंत हें तत्त्व हिंदी व आफ्रिकी शिपायांच्या बाबतींत पाळलें गेलें नाहीं, हें त्या आयोगानेंच नेमलेल्या समितीनें २०२१ सालीं मान्य केलें. कासिनोच्या भिंतीवर मात्र नाईक आणि कर्नल एकाच मापाच्या अक्षरांत आहेत.

आतां ज्या परभणीच्या घरापासून आरंभ केला, तेथें परत यावें. त्या घराला यशवंतासारखें शौर्यपत्रक मिळालेलें नसतें. पण भिंतीवरील नांव शोधतां येतें. या आयोगाची यादी आतां कोणालाही घरबसल्या पाहतां येते. एक अडचण आहे. हिंदी शिपायांचीं नांवें त्या यादींत पुष्कळदां आडनांवाखालीं न लागतां पहिल्या नांवाखालीं लागलेलीं असतात, आणि इंग्रजी स्पेलिंग भरतीच्या कारकुनाच्या कानावर अवलंबून असतें. जाधवाचें स्पेलिंग चार प्रकारांनीं सांपडेल, शिंद्याचें तीन प्रकारांनीं. एका स्पेलिंगावर शोध सोडून देऊं नये. शिपायाचा नंबर ठाऊक असेल तर निम्में काम झालें. तो नंबर बहुधा त्या वाळवी लागलेल्या कागदावर असतो. नंबर आणि पलटण कळली, म्हणजे पलटणीच्या अभिलेख कार्यालयाकडे लिहितां येतें. मराठा रेजिमेंटचें तें बेळगांवींच आहे.

मराठवाड्याची आणखी एक अडचण आहे. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यांत होतें. आजोबा 'हैदराबादच्या पलटणींत' होते, असें घरांत सांगत आले असतील, तर त्याचे दोन अर्थ होतात. एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट ही इंग्रजांच्या सैन्यांतील. तिचें मूळ जुन्या हैदराबाद कंटिंजंटमध्यें, ज्याची एक छावणी हिंगोलीस होती, आणि हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यांतच होती. पण विसाव्या शतकांत या रेजिमेंटची भरती मुख्यतः कुमाऊंनी, जाट, अहीर यांतून होई. १९४५ सालीं तिचें नांवही कुमाऊं रेजिमेंट झालें. नांवावरून फसूं नये. दुसरी, निजामाची स्वतःची फौज. तिची पहिली हैदराबाद इन्फंट्री पलटण डिसेंबर १९४१ मध्यें मलायांत कोटा बारू येथील विमानतळाच्या रक्षणास होती, आणि ८ डिसेंबरला जपानी सैन्य तेथेंच उतरलें. १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें आणि हजारों हिंदी सैनिक कैदी झाले. कांहीं आझाद हिंद फौजेंत गेले. कांहींना जपान्यांनीं न्यू गिनीपर्यंत मजुरीस नेलें. पुष्कळ परत आले नाहींत. घरीं ज्याचें पत्र १९४१ च्या अखेरीस बंद झालें, त्याचें नांव प्रथम सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर शोधावें. तेथें चोवीस हजारांहून अधिक नांवें आहेत.

यशवंताकडे परत वळतांना त्याच्या जोडीला आणखी एक नांव घेतल्यावांचून राहवत नाहीं. इटलींत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. त्यांपैकीं सहा हिंदी सैन्याला, आणि या सहांत मराठा रेजिमेंटचे दोन. दुसरा मानकरी पहिल्या पलटणींतील नामदेव जाधव. अहमदनगर जिल्ह्यांतील निमज गांवचा. त्याचा जन्म १८ नोव्हेंबर १९२१ चा, म्हणजे यशवंताहून तो अवघ्या दोन दिवसांनीं लहान! ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीच्या बांधावर त्याच्या कंपनीचा पहिला जथा मशीनगनांच्या माऱ्यांत सांपडला. नामदेव कंपनीचा निरोप्या होता. त्यानें जखमी सोबत्याला पाण्यांतून आणि सुरुंग पेरलेल्या जमिनींतून उचलून आणलें, मग दुसऱ्याला आणावयास परत गेला. त्यानंतर एकट्यानें मशीनगनचीं ठाणीं बंद केलीं. त्याच्या हातालाही जखम झाली होती. शेवटीं बांधाच्या माथ्यावर उभा राहून, मराठ्यांची रणगर्जना करीत, त्यानें मागील तुकड्यांना पुढें बोलाविलें. तो वांचला. त्याच नदीवर त्याच दिवशीं फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदर या शिपायालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तोही वांचला. युद्ध संपावयास त्या वेळीं एक महिनाही उरला नव्हता.

नामदेव जाधव २ ऑगस्ट १९८४ पर्यंत जगले. बासष्ट वर्षांचें आयुष्य त्यांना लाभलें. त्यांनीं स्वराज्य पाहिलें, गणराज्य पाहिलें. यशवंताच्या पळसगांवापासून मुंबई-गोवा रस्त्यानें मोटारी धांवूं लागल्या, कुलाब्याचा रायगड झाला, पलटणीच्या नांवांतील अक्षरें बदललीं. यशवंताची तिसरी पलटण पुढें छत्रीधारी झाली आणि १९५२ सालीं पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण म्हणून ओळखली जाऊं लागली. ११ डिसेंबर १९७१ रोजीं पूर्व बंगालमध्यें टांगाईल येथें विमानांतून उतरलेली ती हीच. यशवंत जगता तर त्या दिवशीं पन्नास वर्षांचा असता, आणि बहुधा माणगांवला रेडिओवर ती बातमी ऐकता. दोन दिवसांच्या अंतरानें जन्मलेल्या या दोन शिपायांपैकीं एकाच्या नांवामागें पुढची चाळीस वर्षें आहेत आणि दुसऱ्याच्या मागें तीं चाळीस वर्षें कोरीं आहेत. शौर्यपत्रकांत त्या दोघांचीं कृत्यें शेजारीं शेजारीं ठेवलीं तर फारसें अंतर दिसत नाहीं. सारें अंतर त्या दूर दडलेल्या नेमबाजाच्या गोळ्यांचें आहे.

टायबरच्या त्या खोऱ्यांत उंबर्टिडेच्या जवळच मोंतोने नांवाचें एक जुनें, तटबंदीचें गांव आहे. जुलै १९२३ मध्यें तेथील एखाद्या शेतकऱ्याला कोणी सांगितलें असतें कीं वीसएक वर्षांनीं मराठी बोलणारीं मुलें तुझ्या डोंगरांत मरतील, तर त्यानें तें हंसण्यावारीं नेलें असतें. बरोबर शंभर वर्षांनीं, जुलै २०२३ मध्यें, त्या गांवच्या नगरसंस्थेनें आणि इटालियन युद्धेतिहासाच्या अभ्यासकांनीं तेथें यशवंताच्या नांवानें एक स्मारक उभें केलें. त्याचें रूप एका छायायंत्राचें, म्हणजे सूर्याच्या सांवलीवरून वेळ दाखविणाऱ्या घड्याळाचें आहे. इटलींत पडलेल्या हिंदी सैनिकांची संख्या ५,७८२ आहे आणि त्यांच्या समाध्या व नांवें चाळीस ठिकाणीं विखुरलीं आहेत. मोंतोनेच्या घड्याळाचें ब्रीद लॅटिनमध्यें आहे. सारे एकाच सूर्याखालीं, असा त्याचा अर्थ. इकडे माणगांवांत यशवंताचा पुतळा आहे, गणवेशांतला. पळसगांव तेथून दूर नाहीं.